जनावर झालेल्या माणसाचा सिनेमा

मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात भिकार सिनेमा कोणता, असं कोणी विचारलं तर मला डोकं खाजवावं लागत नाही. एक बावळट माणूस गुरांच्या दवाखान्यातली सगळी औषधं सरबत समजून पितो आणि त्याच्या अंगात जनावरांचे गुण येतात. आधी कुत्र्याचं नाक येतं, मग माकडाची उडी, मग कोंबड्याची बांग आणि शेवटी रेड्याची ताकद. गोष्ट एवढीच. ती सांगायला अडीच तास घेतले आहेत, आणि त्यातला निम्मा वेळ तो माणूस शेणात पडतो, उठतो आणि परत त्याच शेणात पडतो. दरवेळी पडला की पिपाणी वाजते. इथे हसायचं असतं, हे आपल्याला कळावं म्हणून.

अशा सिनेमांची मला मुळातच चीड आहे. माणसात जनावर शिरलं तर काय होईल, याची गंमत ज्यांना करायची आहे त्यांनी निदान एखादं जनावर जवळून पाहिलेलं असावं. रेड्याची ताकद आलेला माणूस ट्रॅक्टर उचलून फेकणार नाही. तो पाणी दिसेल तिथे जाऊन बसेल आणि कोणी कितीही बडवलं तरी उठणार नाही. कुत्र्याचं नाक आलेला माणूस लग्नात पाहुण्यांच्या मागे हुंगत फिरणार नाही, तो घराबाहेरच पडणार नाही, इतका वास आहे या जगाला. पण शहरात बसून सिनेमे काढणाऱ्यांना हे कोण सांगणार?

तरीही हा सिनेमा मला पाठ आहे. कारण मी तो नुसता पाहिला नाही, सांगितला. समाजमंदिरात उभी राहून, हातात माइक धरून, सगळ्या गावाला.

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, आदिलाबादच्या बाजूचं. घरात आम्ही मराठीच बोलायचो, शाळा मात्र बारावीपर्यंत तेलुगू. लग्न करून नदीच्या अलीकडे आले, पांढरकवड्याचा बाजार करणाऱ्या एका गावात. एसटीला पूल ओलांडायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या दोन मिनिटांत मी तेलंगीण झाले. माझ्या मराठीला पलीकडचा हेल आहे, वाक्य संपताना आवाज वर जातो. पहिल्या दिवसापासून बायांना त्याची भारी मौज. पाण्याला गेलं की एखादी मुद्दाम काहीतरी विचारायची, मी उत्तर दिलं की सगळ्या हसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा म्हन वं, पुन्हा म्हन!" जे लोक स्वतः 'जाऊन राह्यलो, येऊन राह्यलो' करतात आणि दर चार शब्दांमागे एक हिंदी शब्द टाकतात, ते माझ्या मराठीला नावं ठेवणार. मी पुन्हा म्हणत नसे. हळूहळू मी पहिल्यांदा म्हणणंही सोडलं. त्या घरात चार वर्षं काढली, पण पुरुषमाणसांसमोर मी एक अख्खं वाक्य बोलले असेन, असं मला आठवत नाही.

मग गावातल्या अंगणवाडीच्या बाई मुलाकडे वणीला राहायला गेल्या. त्याला तिकडे खाणीत नोकरी लागली होती. जागा रिकामी झाली. बारावी झालेली सून गावात एकच होती, ती म्हणजे मी. नवऱ्याला विचारून मी अर्ज टाकला. वरच्या साहेबांनी कळवलं की गावाची हरकत नसल्याचा ठराव पाहिजे, आणि तो महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत व्हायचा होता.

ही जागा मला किती हवी होती, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला पगाराचं एवढं नव्हतं. मला ती खोली हवी होती. फळा, सतरंजी, भिंतीवर चिकटवलेली अक्षरं, आणि जिथे मी बोलेन तेव्हा समोरचे ऐकतील अशी एक जागा. मी स्वयंपाक करताना मनातल्या मनात मुलांना गोष्टी सांगायचे. सासूबाई म्हणायच्या, "कोनासंग बोलून राह्यली वं?"

सरपंच एकदा घरी आले. त्यांचा आवाज मोठा होता, आणि मोठ्या आवाजाच्या माणसांना असतो तसा आपण बोलतो ते सगळं शहाणपणाचं आहे असा त्यांचा समज होता. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. ते मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगत होते, "सून हुशार हाये तुही, नाही म्हनत नाही. पन पोट्टे तिच्यासारखे बोलाले लागले तं? उद्या गावात सारे तेलंगी होतीन. तिले चार मान्सात बोलता तरी येते का?" मी चहा नेऊन ठेवला. ठेवताना बशीत चहा सांडला. सरपंचांनी बशीकडे पाहिलं, म्हणजे त्यांना उत्तर मिळालं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचा जिल्हा सारखा पेपरात असायचा, त्यामुळे आम्हाला पाहायला माणसं यायची. आज समिती, उद्या पत्रकार, परवा अभ्यास करणारी मुलं. जीपमधून उतरायचे, पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, उपटून हातात धरायचे, फोटो काढायचे आणि दुपारच्या आत यवतमाळला जेवायला परत जायचे. एकदा पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी मारुतीच्या पारावर म्हाताऱ्यांना हात वर करून हसायला लावलं. हसल्याने मनावरचा ताण जातो, म्हणे. म्हातारे हसले. पाहुणा आला आहे, सांगतो आहे, तर हसू बापडे, एवढाच त्यात भाव होता. गृहस्थांनी लगेच वहीत लिहून घेतलं की गावात फरक पडला.

आणि पेरणीच्या आधी बियाण्याच्या कंपन्यांच्या गाड्या यायच्या. त्यांचं सगळं ठरलेलं असे. लोकांना टोपी द्यायची, लाल सरबत पाजायचं, सिनेमा दाखवायचा, आणि मध्यंतरात सगळे बसलेले असताना बियाण्याची माहिती सांगायची. सिनेमा अर्धवट सोडून कोणी उठत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. आमच्याकडे ही गाडी सरपंचांकडे यायची, कारण त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत कृषी केंद्र होतं. सरपंच म्हणूनही तेच बोलवायचे आणि दुकानदार म्हणूनही तेच बोलवायचे. दोघांचं चांगलं जमायचं.

त्या वर्षी गाडी आली ती ग्रामसभेच्या चार दिवस आधी. सोबत हैदराबादकडचा एक साहेब. एप्रिल संपत आलेला, आमच्याकडे त्या दिवसांत पत्र्याला हात लावला तर फोड येतो, आणि हा गडी गळ्यात टाय बांधून आला होता. 'शेतकरी बांधवांनो' एवढं मराठी पाठ केलेलं होतं. पुढे सगळं हिंदी. गावात दिवसभर लाइट नसायची, म्हणून त्यांनी जनरेटर आणलं होतं. सिनेमा दुपारी चारला. उजेड येऊ नये म्हणून समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लावली आणि वाराही बंद केला. पडदा म्हणून सरपंचांच्या घरची चादर. तिच्यावर हळदीचा डाग होता. सिनेमातली नटी जरा मधोमध आली की तिच्या गालाला हळद लागायची. माझ्या मते त्या सिनेमात तेवढंच एक काय ते पाहण्यासारखं होतं.

लोकांना मारामारीचा हिंदी सिनेमा कबूल केलेला. डब्यावर तसंच चित्र होतं. सुरू झाला तर तेलुगू! गाडी आदल्या आठवड्यात नदीपलीकडच्या गावांत फिरून आली होती आणि डब्यांत सीडीच्या चकत्या तिकडच्याच राहिल्या होत्या. सिनेमाचीही तिकडची आणि कंपनीच्या माहितीचीही तिकडची. साहेबाने तिन्ही डबे उघडून पाहिले. टाय सैल केला. "ॲक्शन तो समझ में आएगा ना?" असं म्हणून पाहिलं. पाच मिनिटांत मागचे लोक उठायला लागले. "आमाले काय समजते हे? चाला बे घरी."

तेव्हा सरपंच उठले आणि ओरडले, "थांबा ना बे! आपल्या गावात तेलंगीन हाये ना! कुठं हाय ती? बलवा तिले."

याच तोंडाने ते आठ दिवसांपूर्वी मला बोलता येतं का म्हणून विचारत होते. मी बायांच्या बाजूला भिंतीशी बसले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं. माझ्या शेजारी बसलेली मावशी, नात्याची नव्हे, घराशेजारची, स्वतःचं वावर स्वतः वाहणारी बाई, तिने मला कोपराने ढोसलं. "ऊठ ना वं." मी मामाजींकडे पाहिलं. ते आपल्या पायांकडे पाहत होते. मग म्हणाले, "जाय." सासूबाईंनी माझा पदर कपाळापर्यंत ओढला आणि मी जाऊन पडद्याशेजारी उभी राहिले.

सुरुवातीला मी प्रामाणिकपणे सांगत होते. "हा म्हणतो, मला भूक लागली आहे." "ती म्हणते, तू मूर्ख आहेस." शाळेच्या पुस्तकासारखं, अगदी शुद्ध. कोणी हसत नव्हतं. हसतील कशाला? मुळात तिथे हसण्यासारखं काही नव्हतंच. पिपाणी वाजायची आणि समाजमंदिरात शांतता. मला दिसत होतं की हे असंच चाललं तर चार दिवसांनी ग्रामसभेत म्हणायला सगळे मोकळे, पाहिलं ना, हिला बोलता येत नाही. आणि दोष त्या सिनेमाचा असूनही पाणउतारा माझा होणार होता. मला त्या पडद्यावरच्या माणसाचा असा राग आला की काय सांगू. एवढी जनावरं अंगात शिरूनही त्याला एक धड वाक्य सुचत नव्हतं.

तेवढ्यात तो घराच्या छपरावर चढून पहाटेची बांग द्यायला लागला आणि गल्लीतले लोक त्याला चपला मारायला लागले. तिथे तो खरं तर घरमालकिणीला काहीतरी पाचकळ बोलतो. मी ते सोडून दिलं आणि म्हटलं, "हा म्हनते, म्या बांग देली तं चपला मारता, अन् पंचायतीचा भोंगा रोज पाहाटे बोंबलते त्याले कोनी काही म्हनत नाही!"

समाजमंदिर असं फुटलं की जनरेटरचा आवाज ऐकू येईना. आमच्या पंचायतीचा भोंगा पहाटे पाचला सुरू व्हायचा आणि त्याने सगळे कावलेले होते. सरपंचही हसले. त्यांना हसावंच लागलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी बोलले म्हणून माणसं हसली होती, मी कशी बोलते म्हणून नव्हे. मला झिंग चढली. खोटं कशाला सांगू, मला त्या आवाजाची पहिल्याच घोटात चटक लागली. मग मी त्या सिनेमाचं काही ठेवलं नाही. तो लग्नाच्या मांडवात चार पायांवर हुंगत फिरायला लागला तेव्हा मी म्हटलं, "हा म्हनते, कोनाच्या तरी चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं." मागच्या तीन बाया खरंच उठून घराकडे पळाल्या. तो माकडासारखे हात वर करून नाचला तेव्हा म्हटलं, "हात वर करा अन् हासा, पराटीले आपोआप बोंडं लागतीन!" पारावर हसवलेले ते म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत खरोखर हसले. रेड्याची ताकद आल्यावर त्याने चिखलातून गाडी ओढून काढली, तर मी म्हटलं की ही समितीची जीप आहे, फोटो काढता काढता रुतली. मी पडद्यावर पाहतही नव्हते. मी माणसांकडे पाहत होते. मामाजी तोंडावर गमछा धरून हसत होते. चार वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. आणि माझा हेल? तो होताच की. कोणाच्या लक्षातसुद्धा आला नाही.

मध्यंतर झालं. टायवाल्या साहेबाने हिंदीतून सांगितलं की हे नवं बी कसल्याही जमिनीत येतं, कोरडवाहूत तर सोनं उगवतं. मग माहितीची चकती लावली. इस्त्रीचं धोतर नेसलेला शेतकरी, कमरेएवढी पराटी, मुठीत मावणार नाही असं बोंड. सगळं नेहमीचं. पण शेवटी एक बाई आली, बहुतेक कंपनीचीच कोणी शिकलेली असावी, आणि तेलुगूत साध्या शब्दांत सांगायला लागली. हे बियाणं ओलिताच्या भारी जमिनीसाठी आहे. दर दहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं. हलक्या कोरडवाहू जमिनीत लावू नका, बोंड भरत नाही. पलीकडे कालव्याखालच्या गावांत दाखवायला केलेली फीत होती ती. कंपनीने कायद्याच्या भीतीने का होईना, खरं ते सांगून टाकलं होतं, फक्त आम्हाला कळणार नाही अशा भाषेत. आमच्या गावात नाल्याकाठची चार वावरं सोडली तर ओलीत कुठे होतं? बाकी सगळं बरड, एक वीत खणलं की मुरूम.

मी माइक तोंडाशी धरला आणि जसंच्या तसं सांगितलं. "बाई म्हनते, हे बी ओलिताचं हाये. दहा दिवसाले पानी मांगते. बरडावर लावू नका, बोंड भरत नाही."

मग कोणीतरी मागून ओरडलं, "म्हंजे बियातबी रेडा घुसला वाटते! पान्याबिगर उठतच नाही!" आणि सगळं समाजमंदिर हसायला लागलं. कोणी टोप्या उडवल्या. मावशी पदर तोंडात कोंबून हसत होती. मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तासभर मी त्यांना सांगत होते ते सगळं माझ्या पदरचं आहे हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं आणि त्याचीच त्यांना मजा वाटत होती. आता हेही माझ्या पदरचंच.

टायवाल्याचा चेहरा आधी पांढरा पडला होता. लोक हसत आहेत असं दिसल्यावर तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. जवळ येऊन हळूच तेलुगूत म्हणाला, "अक्का, छान चाललं आहे. असंच गमतीत राहू दे." सरपंच पहिल्या रांगेत होते. त्यांना तेलुगू येत नव्हतं, पण मी गंमत करत नाही हे त्यांच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं. ते हसत होते आणि माझ्याकडे पाहत होते. "भल्ली हासवते सूनबाई!" ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग पुढे झुकून फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "लाव आता सिनेमा. चार दिसानं ग्रामसभेत तुहंच नाव हाये."

माइक माझ्याच हातात होता. 'ही गंमत नाही, खरं आहे.' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. त्यात अवघड काही नव्हतं, त्यात हेलही लागला नसता. मी माइककडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. सगळे आता मी पुढे काय म्हणते म्हणून माझ्याकडे तोंड करून बसले होते. गावाने मला चार वर्षांत पहिल्यांदा असं पाहिलं होतं.

मी म्हटलं, "चाला, आता पाहू आपला रेडा काय करते."

टाळ्या पडल्या. उरलेल्या अर्ध्या सिनेमात मी आधीपेक्षा जास्त हसवलं. इतकं चांगलं मी पुन्हा कधी बोललेली नाही.

ग्रामसभेत ठराव एकमताने झाला. सरपंचांनी छोटंसं भाषण केलं. आपल्या गावाला अशी बोलकी सून लाभली, हिच्या तोंडून पोट्टे मराठी शिकतील तर गावाचं नाव निघेल, असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. माणसं स्वतःचे शब्द किती सहज गिळतात, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं आणि माझ्या स्वतःच्या घशाखाली काय गेलं आहे त्याकडे पाहायचं टाळलं.

बी सगळ्यांनी घेतलं. सरपंचांच्या पुढच्या खोलीसमोर रांग लागली. आमच्या घरीही पिशव्या आल्या. मी एकदा तोंड उघडलं, हे सांगितलं पाहिजे. संध्याकाळी ओट्यावर मामाजी पिशव्या रचत होते तेव्हा म्हटलं, "मामाजी, आपलं वावर बरड आहे. ते बी ओलिताचं आहे, खरंच." ते माझ्याकडे पाहून हसायला लागले. "पुन्हा म्हन," ते म्हणाले, "त्या बाईच्या आवाजात म्हन." पाणवठ्यावरच्या बाया म्हणायच्या तेच शब्द, पण मामाजींनी ते लाडाने म्हटले. त्या घरात कोणी माझे असे लाड केले नव्हते. मी त्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवलं. ते पोट धरून हसले.

त्या साली पावसाने मधेच मोठी उघडीप दिली. नाल्याकाठच्या वावरांत पराटी बरी होती. बरडावरची लाल पडली आणि बोंडं बोराएवढी राहिली. जुनं बी लावलं असतं तरी ते वर्ष चांगलं गेलंच असतं असं नाही, पाऊसच नव्हता तर कोण काय करणार, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. स्वतःची समजूत काढण्यात मी तरबेज आहे. पण जुन्या बियाला निदान तहान काढायची सवय होती. आणि मी त्यांना थांबवू शकले असते की नाही हा प्रश्नच नाही, मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही हा आहे. कंपनीने मला गप्प केलं नाही, सरपंचांनीही केलं नाही. टायवाला, सरपंच, ते हसवणारे पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ, सगळ्यांना मी इथे मनसोक्त नावं ठेवली. त्यांच्यातल्या कोणी आपलं काम वाईट केलं असं मला म्हणता येत नाही. काम माझं होतं. भाषा मला येत होती.

दिवाळी होऊन गेली तेव्हा मला अंगणवाडीत सहा महिने होत आले होते. खोली माझी होती, फळा माझा होता. मुलं माझ्यावर खूश होती. एक दिवस शेजारची मावशी नातवाला न्यायला आली. एरवी ती दारातूनच हाक मारायची. त्या दिवशी आत येऊन सतरंजीवर बसली. तिचं सगळं वावर बरडावर. वेचायला काही राहिलं नव्हतं, म्हणून ती त्या वेळी घरी होती. मी मुलांच्या ताटल्यांत खिचडी वाढत होते.

ती म्हणाली, "एक इचारू का वं? त्या दिसी सिनेमात तू म्हनलं होतं, बरडावर लावू नका. ते खरं सांगतलं होतं का?"

माझ्या हातातला डाव तिथेच थांबला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तिच्यावर उलट चिडले असते आणि मोकळी झाले असते. ती फक्त विचारत होती. तिला हो म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येणार, तो मला माहीत होता, आणि त्याचं उत्तर मी जिथे उभी होते ती खोलीच होती.

"नाही मावशी," मी म्हटलं. "गंमत केलती."

"मंग बरं हाय बापा," ती म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा मोकळा झाला. "मले वाटे, खरं सांगून राह्यली होती अन् आमीच येड्यासारखे हासत बसलो. झोप नाही लागे मले."

नातवाचं तोंड पदराने पुसून तिने त्याचं बोट धरलं आणि ती निघाली. मी तिला हाक मारली नाही, आणि आजवर मारलेली नाही.